देव मौसा

कोकणात जाऊन येणारा माणूस काय आणतो? आंबापोळी, कोकम, काजू, फार तर फणसाचे तळलेले गरे. भोपाळच्या इंद्रपुरीचे नीळकंठ टेंभेकर हाड घेऊन आले.

बारकंसारकं नव्हे. चांगलं सोललेल्या नारळाएवढं, दोन्ही तोंडांना वाटीच्या बुडासारखं सपाट, एका अंगाला पंखासारखे दोन आखूड फाटे, आणि सगळ्या अंगभर पावाला असतात तशी बारीक भोकं. आंजर्ल्याच्या वाळूत सकाळी फिरताना त्यांच्या अंगठ्याला त्याची ठेच लागली. अंगठा चोळत ते खाली बसले, वाळू उकरली आणि अंगठा विसरले. जवळच एक कोळी जाळं झटकत होता. त्याला विचारलं तर त्यानं लांबूनच मान वळवली नि म्हणाला, "देवमासा असंल."

झालं. तेवढ्या एका शब्दावर नीळकंठरावांनी ते टॉवेलात गुंडाळलं, बॅगेतल्या नलिनीबाईंच्या आंबापोळ्या बाहेर काढल्या आणि त्याला जागा केली. हबीबगंज स्टेशन येईपर्यंत डब्यातल्या लोकांनी दोनतीनदा विचारून घेतलं की सुकट कुणाकडे आहे.

"बैलाचं असेल," घरी आल्यावर नलिनीबाई म्हणाल्या.

"बैल समुद्रात काय करेल?"

"आणि देवमासा इंद्रपुरीत काय करतोय?"

नीळकंठरावांनी हाड पुन्हा उलटसुलट करून पाहिलं. जन्म कारखान्यात गेला, टर्बाईनचं पातं नुसतं बोट फिरवून कुठल्या मशीनवरचं ते सांगतील, पण हाडात गती नव्हती. मुलाला, मंदारला, त्यांनी मोबाईलवर फोटो काढून शोधायला लावलं. मोबाईलनं पहिल्यांदा सांगितलं डायनासोर. फोटो जरा उजेडात काढला तर म्हणाला ब्रेड.

"बाबा, छोडो ना यार," मंदार म्हणाला. "काही का असेना, त्याचा वास येतोय."

"आणि घरात सारखं हाड हाड करू नका," नलिनीबाई म्हणाल्या. "कुत्रं हाकलल्यासारखं वाटतं."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नका. बाहेर ठेवा."

मग नलिनीबाईंनीच ते एका पांढऱ्या पंचात बांधलं, आणि मुंग्या नकोत, मांजर नको, म्हणून बाल्कनीतल्या खुंटीला उंच टांगून ठेवलं. सकाळचं ऊन बरोबर तिथं यायचं. वास जाईल म्हणून नीळकंठराव रोज उठले की गाठोडं फिरवायचे, सगळ्या बाजूंनी ऊन लागावं म्हणून.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्या आठवड्यात घरात दुसरंच एक हाड अडकलेलं होतं, आणि ते होतं मंदारच्या लग्नाचं.

मंदारनं जेव्हा पहिल्यांदा सांगितलं की मुलगी आवडली आहे, सोनल नाव, सोनल खरे, तेव्हा नीळकंठरावांनी पेढेच आणले होते. भोपाळात राहून पोरानं मराठी मुलगी शोधली, तीही खऱ्यांची. नलिनीबाईंनी तर चित्पावन कुठले, रत्नागिरीचे की पुण्याचे, इथपर्यंत विचार केला. मग बाग सेवनियाला खऱ्यांच्या घरी गेले, दार उघडलं, आणि आतून आवाज आला, "आइए आइए, पधारिए." ते खरे कायस्थ निघाले. पिढ्यानपिढ्या सागर नावाच्या गावचे. मराठीचा एक शब्द घरात कुणाला येत नव्हता, आणि खरे म्हणजे काय हे नीळकंठरावांनी समजावून सांगितलं तेव्हा ते बिचारे फार खूश झाले.

मुलगी गोड होती. तिची आई सुचेताजी, तीही गोड. अडून बसले होते ते आजोबा. त्यांना सगळी कॉलनी डॉक्टर साहब म्हणायची आणि घरातले पापाजी. पांढऱ्या मिशा, हातात काठी, आणि शब्द एकदा तोंडातून गेला की परत घ्यायची सवय नाही. त्यांनी भरल्या बैठकीत सांगून टाकलं होतं, "लड़का अच्छा है. पर परिवार कहाँ है? तीन लोग हैं. न चाचा, न ताऊ. न फूफा, न मौसा. शादी में रूठने वाला तक कोई नहीं है इनके यहाँ. ये परिवार नहीं, ट्रान्सफर है. मेरी तरफ से ना है."

आता यात खोटं काही नव्हतं. नीळकंठराव नोकरीपायी नागपूरहून आले, इथंच राहिले. ते एकुलते एक, नलिनीबाईही एकुलत्या एक; मंदारला ना आत्याचे यजमान फूफा, ना मावशीचे यजमान मौसा. लग्नात रुसायला माणूस आणायचा कुठून? सोनलनं आजोबांच्या, तिच्या दादाजींच्या, होकाराशिवाय लग्न करणार नाही असं मंदारला सांगितलेलं. मंदार दोन महिने धड जेवत नव्हता. कोकणची सहलसुद्धा खरं तर त्याचं मन रमावं म्हणून काढलेली, आणि त्यातही तो मोबाईलमध्ये तोंड घालून बसला. आता येत्या रविवारी खरे मंडळी शेवटचं बोलायला येणार होती. शेवटचं म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत होतं.

अशात शुक्रवारी सकाळी सुचेताजींचा फोन आला, आणि तो उचलला नीळकंठरावांनी.

इथं त्यांच्या हिंदीबद्दल सांगितलं पाहिजे. तीस वर्षं भोपाळात काढूनही त्यांच्याकडे दोनच हिंद्या होत्या. एक वर्कशॉपमधली, जी बायकांसमोर बोलता येत नाही. दुसरी कारखान्याच्या गेटवरच्या फळ्यावरची. त्या फळ्यावर रोज 'आज का शब्द' लिहिलेला असायचा, आणि नीळकंठराव तो वाचूनच आत जायचे. मधली, माणसांची हिंदी, त्यांना कधी भेटलीच नाही. होणाऱ्या विहीणबाईंशी ते अर्थातच फळ्यावरची बोलायचे.

"भाईसाहब, सफर कैसा रहा?" सुचेताजींनी विचारलं.

"उत्तम," नीळकंठराव म्हणाले. आणि मग राहवेना. "वो क्या है ना, हम देवमासा की अस्थि लेके आए." हड्डी हा शब्द त्यांच्या अगदी ओठावर आला होता, पण तो मटणाच्या दुकानातला वाटला.

पलीकडे कुणाला तरी टीव्ही बंद करायला सांगितल्याचं ऐकू आलं.

"देव मौसा की?" सुचेताजींनी हळूच विचारलं.

"हाँ. देवमासा की."

"हे भगवान. कब हुआ ये?"

"वो तो ज्ञात नहीं. हमको तो किनारे पे मिले. रेती में."

"किनारे पर," सुचेताजींचा आवाज बसला. "डूब गए थे?"

"डूबेंगे कैसे," नीळकंठराव हसले, "वो तो पानी में ही रहते थे. अंतिम समय में बह के आए होंगे."

त्या हसण्याला सुचेताजींनी काय मानलं देव जाणे. दुःखानं माणूस कधी कधी हसतो म्हणतात.

"अस्थियाँ घर में रखी हैं?"

"ना ना, घर में कैसे. बाहर टाँगी हैं, सफेद कपड़े में. रोज धूप देते हैं."

"अच्छा करते हैं," सुचेताजी म्हणाल्या. त्या आता रडत होत्या. "आप लोग अपने को सँभालिए. हम शाम को आते हैं. पापाजी को भी लाते हैं."

नीळकंठरावांनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, "फार चांगली बाई आहे. देवमाशाबद्दल ऐकून गहिवरली. बघायला येतायत संध्याकाळी, सगळे."

"हाड बघायला?" नलिनीबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं.

"मग. तुलाच किंमत नाही त्याची."

नलिनीबाईंनी चिवडा काढला, बटाटेवड्यांची तयारी केली, बाहेरच्या खोलीतल्या उशांचे अभ्रे बदलले. नीळकंठरावांनी ठेवणीतला भगवा झब्बा घातला.

संध्याकाळी दार उघडलं तर समोर खऱ्यांच्या घरची सगळी, नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत. सोनल मान खाली घालून. सुचेताजींनी आत येताच नलिनीबाईंना मिठी मारली आणि हुंदका दिला. डॉक्टर साहब काठी टेकत सरळ बाल्कनीशी गेले, खुंटीवरच्या पांढऱ्या गाठोड्यासमोर उभे राहिले आणि हात जोडले.

नीळकंठरावांना वाटलं, काय ही माणसं. एका माशाबद्दल एवढा आदर. मग त्यांची नजर सुचेताजींच्या हातातल्या डब्यावर गेली. त्यात बिनफोडणीची खिचडी होती.

"आपके घर चूल्हा नहीं जला होगा," त्या म्हणाल्या.

आतून वड्यांचा वास येत होता. नलिनीबाईंनी पटकन स्वयंपाकघराचं दार लोटलं. त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. नीळकंठरावांच्या डोक्यात अजून सांजवेळ होती.

"सगे मौसा थे?" डॉक्टर साहबांनी बसत विचारलं.

"मौसा?" नीळकंठराव म्हणाले. "मौसा नहीं. मासा."

"हाँ हाँ, आप लोगों में मासा कहते होंगे. हमारे उधर राजस्थान वाले भी मासा कहते हैं. काफी बड़े थे?"

"बहुत बड़े," नीळकंठराव म्हणाले, आणि मग त्यांचं तोंड उघडंच राहिलं. आता कुठं दिवा लागला. घाईघाईनं ते पुढं सरकले. "देखिए डॉक्टर साहब, कुछ भ्रांति हो रही है. वो हमारे कोई नहीं लगते थे. वो तो सागर में रहते थे."

"सागर में?" डॉक्टर साहब ताठ झाले. "सागर तो हमारा घर है. किस मोहल्ले में?"

"वो सागर नहीं. समुद्र."

"अच्छा, जहाज पर थे."

"जहाज पर नहीं, जहाज के नीचे."

"इंजन में होंगे," सुचेताजी हळूच म्हणाल्या. "भाईसाहब भी तो मशीन के आदमी हैं. खानदान में है."

नीळकंठरावांनी मंदारकडे बघितलं. मंदार भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. सोनल त्याच्या पाठीवर हात ठेवून "रो मत" म्हणत होती. दोन महिन्यांत पोरगा पहिल्यांदा हसत होता, हे फक्त आईबापाला कळत होतं.

डॉक्टर साहबांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. "टेंभेकर जी," ते म्हणाले, "मुझे शर्मिंदा होना चाहिए. मैंने कहा था कि आपके यहाँ न फूफा है, न मौसा. और आप हैं कि जो आपके कोई नहीं लगते थे, उनको भी समुद्र से उठाकर अपने घर ले आए. इतना तो सगे नहीं करते. कल मेरी गाड़ी से चलेंगे. नर्मदा जी. होशंगाबाद."

"उसकी आवश्यकता नहीं," नीळकंठराव ओरडलेच.

"है," डॉक्टर साहब म्हणाले. विषय संपला.

पाणी आणायच्या निमित्तानं तिघं स्वयंपाकघरात शिरले आणि दार लावलं.

"मी आत्ता जाऊन सांगतो," नीळकंठराव कुजबुजले. "मासा आहे म्हणून सांगतो. माणसं रडतायत बाहेर. पाप लागेल."

"सांगितलंत की तुम्ही," नलिनीबाई म्हणाल्या. "मासा म्हणून सांगितलं, समुद्रात राहायचा म्हणून सांगितलं, जहाजाखाली म्हणून सांगितलं. अजून काय सांगायचं राहिलंय?"

"व्हेल म्हणून सांगतो."

"सांगा. सगळं घर पांढरं नेसून माशाच्या हाडाला नमस्कार करून बसलं, हे त्या म्हाताऱ्याला त्याच्या सुनेसमोर, नातीसमोर सांगा. मग मंदारलाही तुम्हीच सांगा, बाळा, दुसरी बघ."

मंदारचं हसू विझलं. "बाबा," तो म्हणाला, "दादाजी आज पहिल्यांदा माझ्याशी बोलले. बेटा म्हणाले."

नीळकंठरावांनी पोराच्या तोंडाकडे बघितलं. मग गॅसवरच्या वड्यांकडे बघितलं. "निदान एक वडा तरी दे," ते म्हणाले. "सुतक मला नाही, त्या गाठोड्यालाही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली. पुढं मंदार चालवायला, शेजारी सोनल. मधे नलिनीबाई नि सुचेताजी. मागं दोघं म्हातारे, आणि डॉक्टर साहबांच्या मांडीवर गाठोडं. नीळकंठरावांनी खूप सांगितलं, माझ्याकडे द्या, पण त्यांनी दिलं नाही. "आपने समुद्र से यहाँ तक उठाया," ते म्हणाले, "यहाँ से मेरी बारी."

औबेदुल्लागंज गेलं, बुदनीचा घाट उतरला. डॉक्टर साहबांचे डोळे मिटलेले, पण बोटं पंचावरून हळूहळू फिरत होती. पुढून मागं, मागून पुढं. एका जागी थांबायची, दाबायची, परत फिरायची. जप करतोय म्हातारा, नीळकंठरावांना वाटलं, आणि त्यांना स्वतःची एवढी लाज वाटली की त्यांनी खिडकीबाहेर तोंड करून जन्मात पहिल्यांदा देवमाशासाठी रामरक्षा म्हटली.

घाटावर गुरुजी तयारच होते. "मृतक का नाम?"

"देव," डॉक्टर साहब म्हणाले.

"गोत्र?"

सगळ्यांनी नीळकंठरावांकडे बघितलं. नीळकंठरावांनी नर्मदेकडे बघितलं. खोटं बोलायचं तरी किती, आणि तेही हिच्यासमोर. "गोत्र ज्ञात नहीं," ते म्हणाले. निदान एवढं तरी खरं होतं.

"कोई बात नहीं," गुरुजी म्हणाले. "जिसका गोत्र न मालूम हो, उसका कश्यप. पशु, पक्षी, जलचर, सब कश्यप की संतान हैं. पोटली खोलिए."

"बँधी रहने दो," डॉक्टर साहब एकदम म्हणाले. "ऐसे ही जाएगी."

गुरुजींनी खांदे उडवले, मंत्र म्हटले. डॉक्टर साहब पायरीवर वाकले आणि त्यांनी गाठोडं पाण्यात सोडलं.

ते बुडालं नाही.

भोकाभोकांचं, वाळलेलं, हलकं हाड. पंचात हवा भरलेली. ते जरा पुढं गेलं, एक गिरकी घेतली आणि परत पायरीशी आलं. मंदारनं काठीनं ढकललं. परत आलं. तिसऱ्यांदा गुरुजींनीच चांगलं लांब फेकलं. घाटाशी पाणी गोल फिरत होतं. गाठोडं शांतपणे पूर्ण फेरी मारून आलं आणि नीळकंठरावांच्या पायाला लागलं. त्याच अंगठ्याला.

"जाना नहीं चाहते," सुचेताजींनी तोंडाला पदर लावला.

"जी अटका है," गुरुजी म्हणाले. "कोई इच्छा रह गई है. परिवार वाले बताएँ."

पिंडाला कावळा शिवेना की लोक काय काय कबूल करतात ते नीळकंठरावांनी पाहिलं होतं. पण माशाची इच्छा? "देखिए पंडित जी," त्यांनी सुरुवात केली, "इच्छा-विच्छा कुछ नहीं. अब हम सत्य ही बताते हैं. वो असल में—"

"किसी का ब्याह देखने की तो नहीं थी?" डॉक्टर साहबांनी विचारलं. अगदी सहज. पाण्याकडे बघत.

नीळकंठरावांचं वाक्य तिथंच राहिलं. नलिनीबाईंनी एक पाऊल पुढं टाकलं होतं.

"होती," त्या म्हणाल्या. "म्हणजे थी. बहुत थी."

डॉक्टर साहबांनी काठी सुनेच्या हातात दिली, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं खणखणीत बोलले, "मौसा जी, मैं वचन देता हूँ. इन बच्चों का ब्याह इसी फागुन में होगा. मेरी कोई ना नहीं. अब आप सुख से जाइए."

तेवढ्यात पलीकडून माणसं भरलेली मोटारबोट फटफटत गेली. तिची लाट घाटावर आपटली, मागं फिरली आणि गाठोडं उचलून थेट धारेत घेऊन गेली. पांढरा ठिपका वरखाली होत दूर गेला. सोनल रडत होती, मंदारही रडत होता, या वेळी खराखुरा. गुरुजींच्या अंगावर काटा आलेला दिसत होता. इतकं हातोहात काम त्यांनीही पाहिलं नसावं.

नंतर बाकीची मंडळी देवळात गेली. दोघं म्हातारे घाटाबाहेरच्या टपरीवर पोहे-जिलेबी घेऊन बसले. नीळकंठराव पोह्यातले शेंगदाणे चमच्यानं एका कडेला लावत होते.

"टेंभेकर जी," डॉक्टर साहबांनी जिलेबी मोडली. "वो हड्डी कौन-सी थी, मालूम है?"

"नहीं."

"रीढ़ की. पूँछ की तरफ वाली."

नीळकंठरावांच्या हातातला चमचा पोह्यात उभा राहिला.

"मौसा जी की पूँछ थी," डॉक्टर साहब शांतपणे म्हणाले.

"आप… आप तो डॉक्टर हैं. आपको कैसे—"

"किसका डॉक्टर हूँ, आपने पूछा कभी? जानवरों का. उमर निकल गई गाय-भैंस के पेट में हाथ डालकर ढूँढ़ते कि बछड़े का सिर किधर है और पैर किधर. आँख से नहीं पहचानता मैं. हाथ से पहचानता हूँ." त्यांनी बोटं हवेत तशीच फिरवली, गाडीत फिरवत होते तशी. "बुदनी आते-आते पक्का हो गया था. गाय नहीं, भैंस नहीं, ऊँट नहीं. एक बार सर्कस का हाथी मरा था, उसकी भी देखी है. वो भी नहीं. अब बताइए, था कौन?"

"देवमासा," नीळकंठरावांच्या तोंडून कसंबसं निघालं. "मासा मतलब मछली. देवमासा मतलब वो बड़ी… व्हेल."

डॉक्टर साहबांनी जिलेबी ताटलीत ठेवली. आधी मिशा हलल्या, मग पोट हललं, मग बाकडं हलायला लागलं. टपरीवाल्यानं वळून बघितलं. डोळे पुसून ते म्हणाले, "मछली नहीं होती वो. बच्चे को दूध पिलाती है. अपनी ही बिरादरी की समझो."

"फिर आपने वहाँ घाट पे… वो वचन…"

डॉक्टर साहब गंभीर झाले. काठी त्यांनी मांडीवर आडवी घेतली. "लड़का मुझे पहले दिन से पसंद था. पर सबके सामने ना कह बैठा. बच्ची ने हँसना छोड़ दिया, मैं देखता रहा. बूढ़े आदमी की ना गले की हड्डी होती है, टेंभेकर जी. न निगली जाए, न उगली जाए." त्यांनी नदीकडे बोट केलं. "आज मौका मिला. आपकी वाली के साथ अपनी वाली भी बहा दी."

नीळकंठरावांचे फळ्यावरचे सगळे शब्द एकदम संपले. त्यांनी आपल्या ताटलीतली जिलेबी उचलून डॉक्टर साहबांच्या ताटलीत ठेवली.

"आगे ये नदी जाती किधर है?" मग त्यांनी विचारलं.

"पश्चिम. भरूच होकर समुद्र में."

"म्हणजे घरी," नीळकंठराव मराठीतच म्हणाले. डॉक्टर साहबांना ते कळलं.

समोरून मंडळी येताना दिसली. सुचेताजी पुढं आल्या. "पापाजी, मंडप में मौसा जी की तस्वीर तो रखेंगे ना? बड़ों का आशीर्वाद रहेगा."

"जरूर," डॉक्टर साहब म्हणाले. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "टेंभेकर जी देंगे." आणि काठी टेकत गाडीकडे जाता जाता ते नीळकंठरावांच्या कानाशी वाकले. "समुद्र की दे देना. उसी में होंगे कहीं."

फागुनात लग्न झालं. मंडपात गणपतीशेजारी आंजर्ल्याच्या समुद्राचा मोठा फोटो होता, चंदनाच्या हारासकट. येणारे जाणारे हात जोडत होते. ज्यांनी विचारलं त्यांना सुचेताजी हळव्या आवाजात सांगत होत्या की मौसा जींना समुद्राचं फार वेड होतं, त्यांची तीच इच्छा होती.

रुसायचं काम खऱ्यांच्या फूफाजींनी केलं. जेवणाच्या वेळी ते कोपऱ्यात खुर्ची फिरवून बसले. म्हणाले, मी जिवंत इथं आलोय तर मला हार नाही, आणि त्या मौसाला पहिला हार. नीळकंठराव आणि डॉक्टर साहब दोघं मिळून त्यांची समजूत काढायला गेले, पण दोघांनाही मधेच हसू फुटलं, आणि मग फूफाजी जे रुसले ते विदाई होईपर्यंत काही उठले नाहीत.